शांतादेवींच्या घरचं अर्थिंग

गावची सहकारी तेलगिरणी बुडाली तेव्हा संचालकांनी ज्याला जे झेपलं ते उचललं. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी वजनकाटा. रुद्रप्पांच्या वाट्याला ऑफिसातल्या पितळी स्विच-प्लेटा आल्या. त्यांनी त्या घरात बसवल्या आणि येईल त्या पाहुण्याला दाखवल्या. वायरिंग मात्र वडिलांच्या काळातलं, दोन तारांचं. अर्थिंगची तिसरी तार कुठंच नव्हती.

मग त्या प्लेटा त्यांच्या बायकोला, शांतादेवींना, चावू लागल्या. बत्ती लावायला जावं तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. एकदा तर हात चिकटलाच, पण ऐन वेळी लाईट गेली. भारनियमनानं गावात कुणाचं भलं केलं असेल तर ते एवढंच. तेव्हापासून बाई लाटण्यानं बटण दाबायच्या.

"मला कावून बसत न्हाई शॉक?" रुद्रप्पा म्हणायचे. "तुझे मनाचे खेळ हायत."

बसणार कसा? गृहस्थानं जन्मात बटण दाबलं नव्हतं. पलंगावरून "बत्ती लाव" म्हटलं की बत्ती लागायची, एवढीच त्यांची विजेशी ओळख.

शेवटी शांतादेवींनीच दिंद्रुडहून आसाराम वायरमनला बोलावलं. दुष्काळात विहिरी आटल्या, मोटारी गप्प झाल्या, त्यामुळे गडी मोकळाच होता. त्यानं प्रत्येक प्लेटेला हिरवी तार जोडली, अंगणात खड्डा खणून तिचं टोक मीठ-कोळशात पुरलं.

"मालक, ह्याच्यात रोज बादलीभर पाणी सोडा," तो म्हणाला. "कोरड्या मातीत करंट उतरत न्हाई. उलट एका प्लेटेतला साऱ्या प्लेटांत फिरंल."

रुद्रप्पा उखडले. "टँकरपाशी माणसं डोकी फोडायलीत, आन् मी मातीला पाणी पाजू? पावसाळ्यात बघू."

"तवर काकूंनी काय करायचं?"

"लाटणं हाय की."

हे शांतादेवींना लागलं. इतकी वर्षं संसार करून आपला जीव बादलीभर पाण्याहून स्वस्त. दिवेलागणीला त्या ओसरीवर जाऊन बसल्या. आतून "बत्ती लाव" आलं. त्या ढिम्म. पुन्हा आलं. मग मालक स्वतःच चाचपडत उठले, आणि धोतर एकीकडं, रुद्रप्पा एकीकडं.

"लागलं का जास्त?" शांतादेवींनी ओसरीवरूनच विचारलं.

सकाळी आसारामला पुन्हा निरोप गेला. टँकरचं पाणी द्यायला मात्र रुद्रप्पांचा जीव अजूनही होईना. शांतादेवींनी त्यांच्या अंघोळीचा दगड उचलला आणि खड्ड्यावर नेऊन ठेवला. दुष्काळ असो नाहीतर साथ, लिंगपूजेआधीची अंघोळ रुद्रप्पांनी कधी चुकवली नव्हती.

"शिवाचं पाणी हाय, वाया जाऊ नये," त्या म्हणाल्या. "बसा."

आसारामनं मेन बंद केला. एके काळचे संचालक पंचा नेसून भर अंगणात बसले. शेजारची भिवराबाई गवऱ्या न्यायला आली आणि गवऱ्या विसरून उभी राहिली.

पाणी मुरल्यावर रुद्रप्पांना बाजूला उभं करून आसारामनं मेन चालू केला. फ्यूज फाटकन उडाला. "हां, आता करंट मातीत उतरला," म्हणत त्यानं उघडी पडलेली तार हुडकली, पट्टी मारली, नवा फ्यूज घातला आणि एकेका प्लेटेला टेस्टर लावला. कुठंच पेटला नाही.

शांतादेवींनी आधी एक बोट टेकवलं, मग अख्खा तळहात. पितळ नुसतं गार लागलं. त्यांचे डोळे भरून आले.

"आत येऊ का?" बाहेरून मालकांनी विचारलं. पंचा ओला, गल्ली गोळा झालेली.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. त्यांना हात काढवत नव्हता.