बाबांची बाही

इंजेक्शनआधी नर्सनं दंडावर स्पिरिट लावलं, की मला आमची माधव नगरची गच्ची आठवते. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा बायपासनंतर महिनाभर गप्पच होते. त्या दुपारी त्यांनी आपलं वीतभर लांबीचं, खरोखर वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन बाहेर काढलं. अशक्त हातानं बर्नरमध्ये स्पिरिट भरताना थोडं त्यांच्या बाहीवर सांडलं. काडी लावली, पण कडक उन्हात ज्योत दिसेचना. तेवढ्यात आईला बाही काळी पडताना दिसली. "अहो, हात पेटला!" म्हणत तिनं ओला टॉवेल गुंडाळला. उघडून पाहिलं, तर बाहीखाली फक्त मनगटावरचे केस जळले होते. आमचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र इंजिनाकडे कान देऊन हसत म्हणाले, "अरे, सुनो तो सही! पाणी गुणगुणायला लागलं!" आता त्यांचा हात स्थिर आहे, तरी स्पिरिट मीच भरते.