पापडखार घातलेलं डेव्हलपर

फोटोग्राफीचा छंद लागला की पहिला विश्वास उडतो तो स्टुडिओवाल्यावरचा. जळगावातल्या आमच्या स्टुडिओवाल्यानं माझे दोन रोल धुरकट करून परत दिले आणि वर म्हणाला, "तुमचा कॅमेराच तसा आहे." याचं डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, शिळं आहे, हे मी तिथं उभ्याउभ्याच ठरवून टाकलं. पुरावा काडीचा नव्हता. मग मी घरीच फिल्म धुवायला लागलो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट अशा पुड्या फळीवर चढल्या, आणि आता घरातली माणसं माझ्याकडे संशयानं बघू लागली.

"सगळ्या पुड्या पांढऱ्या," बायको म्हणायची. "एक दिवस कढीत पडेल एखादी, मग कळेल."

सत्तर सालच्या आसपासचा तो उन्हाळा. माझी थोरली बहीण अक्का शिंदखेड्याहून आमच्याकडे पापड करायला आली होती. महिन्यापूर्वी तिच्या मुलीचा साखरपुडा धुळ्याला झाला. फोटो मी काढले होते, पण रोलमधले चार बाकी होते आणि रोल अर्धवट काढणं मला पाप वाटायचं. तो कॅमेऱ्यातच राहिला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे आजोबा वारले. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. कडुलिंबाखाली बसले असताना मी टिपलेला तेवढा एकच. उद्या तेरावं, आणि निरोप आला: फोटो घेऊन या, हार घालायचाय.

अक्काला दुपारची एसटी गाठायची होती. मोठा फोटो धुळ्यात करून मिळाला असता, पण फिल्म? ती मी कोणाच्याही हातात देणार नव्हतो.

नुस्खे माझ्याकडे दोन होते. मवाळ नुस्ख्याला सोडा लागत नसे. पण नाना सावलीत बसलेले, चेहरा उठायला हवा, म्हणून मी सोड्याचा कडक नुस्खा निवडला. सराफाकडून मागून आणलेल्या तराजूत पुड्या तोलल्या, माठातल्या गार पाण्यात एकेक विरघळवली आणि सोड्याच्या बरणीला हात घातला. रिकामी!

मी अक्काकडे पाहिलं. तिच्यापुढं पापडाच्या पिठाचा गोळा.

"अक्का, माझा सोडा पिठात घातलास?"

"तुझ्या विषाला हात लावायला मला वेड लागलंय का? उलट तूच माझा पापडखार पळवला असशील, म्हणून आधीच ओरडतोयस!"

आतून बायकोचा आवाज आला. "बरणीवर 'धुण्याचा सोडा' लिहिलं होतं. धुण्याला वापरला. गोधड्या उकळल्या."

बाजार दुपारचा बंद. मी पापडखाराच्या पुडीकडे बघितलं. खार म्हणजे खारच, सोड्याचाच भाऊ. अंदाजानं जास्त घातला. अक्काचा संताप झाला की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "हाई काय शे रे भाऊ? नानांचे पापड लाटतोस?"

आधी परीक्षा. फोटोच्या कागदाचा तुकडा उजेडात धरून त्यात बुडवला. औषध जिवंत असेल तर कागद काळा पडतो. पडेना. अक्का माझ्याकडे बघतेय, मी पुडीकडे. मग कडेनं राखाडी झाला, हळूहळू काळा. संथ आहे, पण जिवंत आहे!

त्याच उकळलेल्या गोधड्यांखाली घुसून, खानदेशातल्या भर दुपारी, घामानं निथळत मी अंधारात फिल्म डब्यात भरली. औषध ओतून नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवली. बाहेर काढली. चेहरा उठला होता.

अक्कानं ओली फिल्म उजेडाला धरली आणि किंचाळलीच. "नानांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या! ह्या काळ्या कशा? तुझ्या औषधानं कलप लावला!"

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, हे मी तिला तीन तऱ्हांनी सांगितलं. पटलं नाही. "तू पण चल धुळ्याला. तिथं विचारतील तेव्हा उत्तर तू दे."

गेलो. दुसऱ्या दिवशी फोटो पाटावर ठेवला, मिशा पांढऱ्या, अक्कानं सुटकेचा श्वास सोडला. हार घालायला नानांची बायको पुढं आली. फोटोजवळ वाकली आणि हार हातातच राहिला.

"हे हसतायत."

"हो, आजी. छान आलाय ना?"

"उभ्या जन्मात मी यांना हसताना बघितलं नाही." ती माझ्याकडे वळली. "फोटो काढताना यांच्या समोर कोण होतं?"

"मीच होतो की."

म्हातारीनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आणि तुझ्या मागं?"