सुनीलकाकांच्या तीन फायली

आमच्या सुनीलकाकांनी ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. विमान मोडीत निघालं तरी त्याचं ड्रॉइंग फेकायचं नाही, ही तिथली शिस्त. काकांनी ती नाशिकच्या घरातही आणली. कधीच जळून गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आमच्याकडे आजही फायलीत आहे.

ज्योत्स्नाकाकू तेव्हा सुरगाण्याकडे शिक्षिका होती. दर शनिवारी काका भरगच्च शेअर जीपमध्ये स्वतःला कोंबून तिकडे जायचे आणि रविवारभर शेताच्या बांधावर बसून बायका भाताची रोपं लावताना म्हणतात ती आवणीची गाणी रेकॉर्ड करायचे. बायकोला भेटायला आलेला नवरा दिवसभर दुसऱ्याच बायकांची गाणी ऐकतो, असा टोमणा काकू अजूनही मारते. एकेचाळीस गाणी जमली. काकांनी स्वतः शिकून ती एका फुकटच्या वेबसाइटवर चढवली. प्रत्येक पानावर गाणाऱ्या बाईंचा फोटो, गाण्याचे शब्द आणि खाली निळ्या अक्षरांत 'गाणं ऐका'.

तीन वर्षांपूर्वी त्या वेबसाइटच्या कंपनीचा मेल आला, महिन्याभरात साइट बंद. मी पुतणी, कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. मला एक फोन करायचा ना! काकांनी प्रिंटर विकत आणला. पानन् पान छापलं, भोकं पाडली, तीन जाडजूड फायली लावल्या आणि मग मला बोलावून कौतुकानं दाखवल्या. तोवर साइट बंद होऊन आठवडा झाला होता आणि रेकॉर्डिंगचं मूळ मेमरी कार्ड तर कधीच खराब झालेलं. त्यांचा खुललेला चेहरा बघून मी "छान" म्हणाले. त्या "छान"चा मला अजून राग येतो. जुन्या साइट जपून ठेवणाऱ्या एका संस्थेकडे मी गुपचूप शोधलंही. पानं होती, फोटो होते, आवाज एकही नव्हता.

गेल्या महिन्यात सुरगाण्याहून काळू आला. त्या एकेचाळीसांतलं एक गाणं गाणाऱ्या वत्सलाबाईंचा मुलगा. त्या गेल्या आणि वर्षभरानं त्याला मुलगी झाली.

"पोरीला आजीचा आवाज ऐकवायचाय, काका. तुमच्याकडं हाय ना?"

"आहे म्हणजे काय! सगळं आहे."

काकांनी दुसरी फाईल काढली. वत्सलाबाईंचं पान उघडून निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. बोट तिथंच थांबलं. मी मान खाली घातली.

"काळू, चूक झाली रे माझी," काका म्हणाले. "नुसते शब्दच ठेवले मी. आवाज गेला." त्यांनी फाईल त्याच्यापुढे सरकवली.

काळू बराच वेळ ते पान वाचत राहिला.

"तिसरं कडवं मी पार इसरलो होतो," तो म्हणाला, आणि अडखळत गायला लागला. काकूनं मला खूण केली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

गाणं संपल्यावर वाजवून दाखवलं, तर गडी लाजला. "आईवानी नाय जमलं." मग चप्पल घालता घालता काकांना म्हणाला, "आईचं सापडलं ना काका, तर माझं पुसून टाका."

जन्मात कागदाचा कपटाही न टाकलेले आमचे काका "हो" म्हणाले, आणि त्याला जीपपर्यंत सोडायला गेले.