साय धरलेला चहा

चहावर साय धरली की मला पालकसभेनंतरचा तो कप आठवतो. मुलींना शिकवा, लग्नाची घाई नको, असं तासभर घसा कोरडा करून सांगून मी आठवीतल्या सुमनच्या घरी गेलो होतो. आलेलं स्थळ परत पाठवायला तिचे वडील तयारही झाले. तेवढ्यात सुमननं चहा आणला. घोट घेत मी म्हणालो, "वा पोरी, सासरी नाव काढशील."

भाषण मी पाठ केलं होतं. हे वाक्य मात्र पाठ न करताच येत होतं.

वडील हसले. "मग येऊ देऊ का पाहुण्यांना, सर?"

"सर, चहा आईनं केलाय," सुमन म्हणाली. "मी गणितं सोडवत होते."

वडिलांचं हसू थांबलं. माझ्या चहावर साय धरत गेली.