अंगणातली व्हॅन

माझी धाकटी बहीण कमलाक्षी सात वर्षांनी इंग्लंडहून माहेरी आली आणि दुसऱ्याच सकाळी आईला ती अंगणातल्या व्हॅनमध्ये झोपलेली सापडली. आईने मला सासरी, साखळीला फोन लावला. आईचा फोन म्हणजे आधी पाऊसपाणी, मग शेजारपाजार, मग मुद्दा. त्या दिवशी तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला.

“आनंदी, कमल गाडयेत निजली आसा. दार उघडा टाकून. घोवासकट.”

मला आधी खरंच वाटेना. कमलसाठी आईने कोरगावच्या घरात खास खोली करून घेतली होती. नव्या लाद्या, नवी गादी, मच्छरदाणी, खोलीला लागूनच न्हाणीघर. त्या खोलीत आई मलाही निजू द्यायची नाही. आणि ही बया पहिल्याच रात्री उठून अंगणात, भाड्याच्या जुन्या व्हॅनमध्ये! मी शिलाईचं दुकान तसंच बंद केलं, ब्लाउजची बाही सुईखालीच राहिली. साखळीहून म्हापसा आणि म्हापशाहून कोरगाव, दोन्ही बसमध्ये मी मनातल्या मनात तिला देता येतील तेवढ्या शिव्या देऊन घेतल्या.

आमची कमल म्हणजे म्हापशापर्यंतसुद्धा बस न सोसणारी मुलगी. मुठीत लिंबू धरल्याशिवाय ती बसमध्ये चढत नसे आणि चढली की पेडण्याच्या आतच खिडकीबाहेर डोकं काढी. तिचा नवरा सुदेश साखळीकडच्या खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद झाल्या, टिपर महिनोन्‌महिने उभा राहून गंजला. मग सुदेशने, आमच्याकडे पुष्कळजण करतात तसं, आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला म्हणून पोर्तुगीज पासपोर्टाचे कागद केले आणि दोघं इंग्लंडला गेली. जाताना कमल आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, “पाच वर्षां गो. मगे येतंय ती कायमची.” आईने दुसऱ्याच महिन्यात लादीवाल्याला बोलावलं.

तिकडून फोटो यायचे. कमल तळ्याच्या काठी, कमल कुठल्यातरी किल्ल्यासमोर, कमल धुक्यातल्या डोंगरावर, लाल स्वेटर घालून. एवढी फिरते म्हणजे पोरीने नशीब काढलं, असं आम्ही धरून चाललो. मी तर माझ्या सासूला ते फोटो मुद्दाम दोनदोनदा दाखवायची.

मी पोचले तेव्हा नशीब काढलेली ती बाई आईच्या अंगणात उकिडवी बसून छोट्या गॅसवर चहा उकळत होती. सहा पावलांवर आईचं स्वयंपाकघर होतं.

“कमल, तुका लाज नाय?” मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“ताय, थंय आमी असोच फिरतंव,” ती म्हणाली. मग तिने मला सगळं सांगितलं, आणि ऐकता ऐकता मी पायरीवर बसलेच. ते डोंगर, ती तळी, ते किल्ले, सगळं त्यांनी जुन्या व्हॅनमध्ये निजून पाहिलं होतं. हॉटेलची पायरी कधी चढली नव्हती. घरून पेज आणि लोणचं घेऊन निघायचं, रस्त्याकडेला गाडी लावायची, मागच्या गादीवर झोपायचं, सकाळी पेट्रोल पंपावर तोंड धुवायचं आणि पुढे. सुदेश बाजूला उभा राहून कौतुकाने माना डोलवत होता. माझी सख्खी बहीण पंपावर तोंड धुते हे ऐकून मला रडायला आलं. मी रडलेही.

“रडतंस कित्याक?” कमलला खरंच कळेना. “थंय आमची खोली एकच. शेजारी खोकललो तरी आमका ऐकूक येता. आयतवारी गाडी भायर काढली काय सगळा आभाळ आमचा.”

“आनी हंय? हंय तुका आवशीची खोली आसा मगो.”

कमलने चहा गाळला. गाळणं आपटून आपटून रिकामं केलं. “ताय, आवशीक सांगू नको. त्या खोलयेत माका झोपच लागाक नाय. नवो रंग, नवी गादी. कोणाच्या तरी घराक रवाक इल्यासारका वाटला. गाडयेत पडलंय, तशी लागली.”

आई आतून हाका मारत होती. मी आत गेले, तर तिने मला चुलीपाशी ओढलं आणि आवाज खाली आणला. “ती कायमची येतली काय, ता विचार तिका. माका धीर होणा नाय.” माझ्या आईने विहिरीच्या कठड्यावरचा नाग काठीने बाजूला केलेला मी पाहिला आहे. तिला धीर होत नव्हता, म्हणून मला त्यांच्यासोबत जावं लागलं. ती दोघं गोवा बघायला निघाली होती. गोवा, म्हणे, बघायला!

“आमी गोंय केन्ना बघलां, ताय?” सुदेश गाडी चालवता चालवता म्हणाला. “माका खाण ते जेटी, एवढोच रस्तो म्हायत.”

कमल पुढे बसली होती. चप्पल काढून पाय पुढच्या फळीवर टाकलेले, हातात फोन, नवऱ्याला डावीकडे, उजवीकडे सांगत होती. लिंबू नाही, काही नाही. मोरजीला ती वाळूत अशी लोळली की येणारेजाणारे बघू लागले. मी छत्री घेऊन लांब उभी राहिले. विचारीन म्हणून जवळ गेले की ती म्हणायची, “ताय, बस मगो जरा.” आणि मी बसायची, आणि प्रश्न तसाच राहायचा.

केरीला मात्र माझं काळीज हललं. सुरूच्या झाडांखाली कमलने गॅस मांडला, पेज ठेवली, तव्यावर बांगडे टाकले. वास सुटला तसा एक तरुण मोटारसायकलवरून आला आणि हिंदीतून ओरडू लागला. इथे खाना पकाना मना है, तुम टुरिस्ट लोग सगळा कचरा करून जाता, वगैरे. पोरगा पेडण्याकडचाच होता, हिंदीवरूनच कळत होतं. मी पदर खोचला. त्याच्या बापाचं नाव विचारायचं, वाडा विचारायचा आणि मग त्याला आपल्या भाषेत असं काही सुनवायचं की तो परत हिंदी बोलणार नाही, असा माझा बेत होता. पण माझ्या आधी कमल उठली. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, “सॉरी, सॉरी.” आणि गॅस बंद करून निमूट भांडी आवरायला लागली.

“आमी हंयचीच, म्हणान सांगूक काय झाला तुका?” गाडीत बसल्यावर मी तिला फैलावर घेतलं.

“माका सुचलाच नाय, ताय,” ती म्हणाली.

एवढंच. ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच वाईट होतं. कोरगावात जन्मलेल्या, केरीच्या जत्रेत हरवून सापडलेल्या बाईला आपण इथली आहोत हे सुचलं नाही. तरीही मी विचारलं नाही. पुढे मये झालं, हरवळ्याचा धबधबा झाला. मयेचं तळं माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्याच्या काठावर आपण शेवटचं कधी बसलो होतो, हे मला आठवेना. माझ्या उसवलेल्या चपलेत खडे शिरत होते आणि कमल मला बिस्किटं भरवत होती. तिला इतकं खुशीत मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मनाशी म्हटलं, निघायच्या दिवशी विचारू.

निघायच्या दिवशी सामान भरलं आणि रीतीप्रमाणे आम्ही चौघं आधी गावाच्या शिवेवर गेलो. लांबच्या वाटेला निघणाऱ्याने राखणदाराला सांगून निघायचं असतं. राखणदार म्हणजे शीव राखणारा आमचा देव. त्याला नारळ ठेवायचा, केळी ठेवायची, एक उंडा म्हणजे आमचा गोल पाव आणि विड्या ठेवायच्या, आणि एकाने गाऱ्हाणं घालायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. जो म्हणतो त्याने मान्य केलं, तो साक्षीला राहिला. आणि राखणदारासमोर खोटं कोणी बोलत नाही. सुदेशचा आवाज चांगला खणखणीत. खाणीवर पहिली खेप निघण्याआधी गाऱ्हाणं तोच घालायचा. त्याने डोळे मिटले.

“बा राखणदारा म्हाराजा, तू ह्या शिवेचो धनी. तुझी लेकरां आज नारळ घेवन तुझ्या पायाकडे उबी आसत.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“पंदरा दीस तुझ्या गांवात पावणी म्हणान रवली. खाली, जेवली, फिरली. खंय काय चुकला आसात, तर पदरात घे.”

“व्हय म्हाराजा.”

“आता ती आपल्या घराक चललीत. तेंचो संसार थंयच आसा. थंय तेंका सुखाचा ठेव, आनी अधीमधी अशीच पावण्यासारकी तुझ्या दारात आण.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने. आईचा आवाज माझ्यामागून, जरा उशिरा आला.

मग मला ऐकू आलं सुदेश काय म्हणाला ते. माझे हात जोडलेलेच होते. मी सुदेशकडे पाहिलं. त्याचे डोळे अजून मिटलेले होते. आमच्या तोंडावर तो हे जन्मात बोलला नसता. कमल उंड्याकडे बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती, आणि तिचे गाल ओले होते. मला ते शब्द परत घ्यायचे होते, ओरडून सांगायचं होतं की राखणदारा, थांब, माझं ऐकण्यात चुकलं. पण तशी रीत नाही.

तिथूनच ती दोघं मोपाच्या विमानतळाकडे गेली. कमलने आईला घट्ट धरलं, मला धरलं, खिडकीतून हात हलवत राहिली. कायमचं हा शब्द कोणी काढला नाही. व्हॅन वळणाआड गेल्यावर आई आणि मी घराकडे चालू लागलो.

“आये, मी विचारूक नाय तिका,” मी म्हणाले.

“आता काय विचारतलंस? राखणदारासमोर तूच व्हय म्हटलंस.”

“सवयीन गेला गो तोंडातसून. माझा ध्यानच नाय होता.”

आई थांबली. पदराने तिने कपाळ पुसलं. “माझा होता,” ती म्हणाली. “मी आयकलंय, आनी मगे म्हटलंय.”