पितृपंधरवड्यातलं कार्ड

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा तोटा असा की माझं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. "तापलीय, होईल शांत," म्हणतात आणि चहा टाकतात. त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात मी तापले ती अजून निवलेली नाही. चहा मात्र पुष्कळ झाला.

माझं काम घरातूनच चालतं. उस्मानपुऱ्यात आमचा फ्लॅट, त्यातल्या मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. जी इमारत अजून बांधलेलीच नसते तिची फिल्म मी बिल्डरला करून देते. गेटमधून आत शिरायचं, बागेतून फिरायचं, जिना चढून बाल्कनीत उभं राहायचं. लोक ते बघून फ्लॅट बुक करतात. कित्येक वर्षं मी पुण्याच्या एका स्टुडिओसाठी ही कामं केली. डोळे माझे फुटायचे आणि शेवटी नाव त्यांचं यायचं. त्या वर्षी पहिल्यांदा पडेगावच्या एका बिल्डरनं थेट मला विचारलं. फिल्मवर माझं नाव येणार होतं. दसऱ्याला त्याचं बुकिंग सुरू व्हायचं होतं, त्या दिवशी मंडपात मोठ्या पडद्यावर दाखवायची. "जमेल ना मॅडम? नाहीतर पुणेवाले आहेतच," तो म्हणाला. जमेल म्हटलं. न जमायला काय झालं!

पण कॉम्प्युटरमधलं माझं जुनं ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर चित्र उभं करणारं, पार थकलं होतं. चित्रात चार झाडं जास्त घातली की ते मान टाकायचं. पडदा काळा, सगळं परत पहिल्यापासून. त्याच सुमारास नव्या पिढीचं कार्ड बाजारात येणार म्हणून सगळीकडं बोभाटा चालला होता. नवरा म्हणाला, "पहिल्या लॉटमध्ये काही ना काही खोट निघतेच. दिवाळीनंतर घेऊ, तोवर किंमतही उतरेल."

"दिवाळीनंतर घेऊन त्याची काय आरास मांडू? काम दसऱ्याला आहे."

आधीच्या पिढीतलं एखादं घ्यावं म्हटलं, तर गावात मिळेना. नवीन येतंय म्हणून दुकानदारांनी मागवणंच बंद केलं होतं. पहिला माल संपला की दसऱ्यापर्यंत परत मिळायची खात्री नाही, म्हणून हो-नाही करत शेवटी ठरलं, लाँचलाच घ्यायचं. आणि लाँच आला नेमका पितृपंधरवड्यात.

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "पितरांच्या दिवसांत घरात नवी वस्तू येत नाय. सुईसुद्धा आणत नाय कुणी."

"आई, ही सुई नाही. माझं पोट आहे."

"तुझ्या सासऱ्यांची तिथ हाय ह्याच पंधरवड्यात. त्यांना काय वाटंल?"

सासऱ्यांना काय वाटलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्समध्ये जन्म गेलेला माणूस. मिक्सर आणायला गेले तेव्हा घरून स्टीलच्या डब्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, बाबा, खोक्याला सील आहे. हे म्हणाले, सील तुम्ही ठेवा, मला डाळ वाटून दाखवा. दुकानात डाळ वाटली, बोटांनी चोळून बघितली, मगच मिक्सर घरी आला. तोवर सासूबाई लाजेनं बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या. माझी मागची खोली म्हणजे त्यांचीच खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी स्वतःची खाट बाहेर काढून तिथं माझं टेबल लावलं.

आता माझा नवरा. हा माणूस मधला मार्ग काढण्यात पटाईत. "कार्ड आत्ताच घ्यायचं, पण घरात आणायचं नाही. खालांकडं ठेवायचं. घटस्थापनेला आणून उघडायचं," तो म्हणाला.

खाला आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून. ब्लाउज शिवतात. त्यांच्यात पितृपंधरवडा नसतो, म्हणजे त्यांच्या घरात वस्तू ठेवली तर दोष लागत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये ही रीत जुनीच आहे. वरच्या मजल्यावरच्यांचा फ्रिज एका वर्षी असाच खालांच्या बैठकीत उभा होता, आणि मोहरमच्या दिवसांत आलेलं खालांचं नवं शिलाई मशीन आमच्या पलंगाखाली राहिलं होतं. सासूबाईंना तोड पटली. फक्त त्यांनी अट घातली, "पण उघडायचं नाय हां. उघडलं म्हणजे वापरलं." मी हो म्हटलं.

दुकानात वेगळंच. कार्ड मला पाहिजे, माहिती मला, आणि दुकानदार बोलतोय माझ्या नवऱ्याशी. "सर, मुलाला गेमसाठी का?"

"मला कामासाठी," मी म्हटलं.

"हो का? छान, छान," असं म्हणून परत नवऱ्याकडंच तोंड. "सर, सात दिवसांत काही निघालं तर इथंच बदलून देईन. नंतर मात्र कंपनीकडं पाठवावं लागेल. लाँचचा माल आहे." नवऱ्यानं मुंडी हलवली. बाहेर पडल्या पडल्या मी म्हटलं, "ऐकलंत ना? सात दिवस. घटस्थापना त्याच्या पुढं आहे. आधीच चालवून बघावं लागेल." तो म्हणाला, "नवीकोरी वस्तू आहे. काय होतंय?"

खालांनी खोका दुपट्ट्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. मी रोज भिंतीच्या अलीकडं जुन्या कार्डाशी डोकं फोडत बसायचे. खालांनाच राहवेना. "बेटा, खोल के तो देख. खराब निघालं तर? तुझी मशीन इकडं आण, माझ्या टेबलावर लाव. माझ्या घरात कसली आलीय तुमची पाबंदी?"

मला ते लाख पटलं. घरी येऊन म्हटलं, "आई, खालांकडं नेऊन नुसतं चालू करून बघते. पुन्हा खोक्यात भरून ठेवते."

सासूबाई वड्यांची डाळ निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची तिथ. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "शब्द दिलास ना? मंग त्यांच्या तिथीच्या तोंडावर कामून हट्ट धरतीस?" आणि डोळ्याला पदर लावला. आता बोला! नवरा लगेच, "अगं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. जाऊ दे ना." ह्या "जाऊ दे ना"नं माझं जेवढं गेलंय तेवढं कुणा चोरानं नेलं नसेल.

घटस्थापनेला घट बसले, आरती झाली, खोका वाजतगाजत आमच्या घरात आला. सासूबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. मी कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच. काढून परत बसवलं. केबल बदलली. जुनं कार्ड लावलं तर मुकाट चालू. नवं लावलं की काळं. कार्ड खोक्यात भरून तसेच दुकानात गेलो.

दुकानदारानं बिल उलटं करून नवऱ्याला दाखवलं. "सर, सात दिवस म्हटलो होतो."

"अहो, पण खोका आजच उघडलाय!"

"इतके दिवस उघडला कसा नाही?" त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघून विचारलं. कार्ड कंपनीकडं गेलं. बिल्डरला फोन केला, दोन आठवडे जास्त मागितले. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. तो गोड बोलला. "काही हरकत नाही मॅडम, पुणेवाल्यांना सांगतो. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ! पुढची वेळ कुणी पाहिलीय?

फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "म्हणून सांगत होते. पितरांच्या दिवसांत घेतलेलं लाभत नाय."

नवरा म्हणाला, "मी पण म्हटलं होतं, पहिला लॉट."

तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! तुम्ही सगळे खरे ठरलात, आणि काम माझं बुडालं! पहिल्याच दिवशी लावून बघितलं असतं तर तिथल्या तिथं बदलून मिळालं असतं. बाबांना काय वाटंल म्हणता? बाबांना? जो माणूस मिक्सर घ्यायला डाळ भिजवून घेऊन गेला, तो कपाटावर खोका ठेवून आरतीची वाट बघत बसला असता? दुकानातच फाडला असता त्यांनी! आणि तुम्ही त्यांच्याच नावानं तो बंद ठेवलात."

सासूबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी चहासुद्धा कुणी टाकला नाही.

दसरा झाला. पडेगावच्या रस्त्याला त्या इमारतीचं मोठं पोस्टर लागलं, पुणेवाल्यांनी केलेलं. बाग चुकीच्या बाजूला दाखवली होती. माझ्या नजरेला तेवढंच दिसायचं. तिकडनं जायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला दुसरा रस्ता घ्यायला सांगायचे.

दिवाळी उलटून गेली आणि एका दुपारी कंपनीकडनं बदली कार्ड आलं. मी आंघोळीला होते. बाहेर येते तर सासूबाई जमिनीवर बसून भाजीच्या सुरीनं खोक्याची पट्टी कापतायत.

"आई, आज अवस आहे."

"ठाव हाय मला अवस हाय ते. लाव आधी."

"हळद-कुंकू?"

"ते मागनं. आधी चालतं का बघ."

लावलं. चाललं. पडदा असा स्वच्छ उजळला की मला रडूच यायला लागलं, रागाचं. करायला कामच नव्हतं. पडेगावचं काम मिळालं तेव्हाच मी पुण्याच्या स्टुडिओला नाही म्हणून बसले होते. म्हणून पडेगावचीच फिल्म लावली, अर्धी राहिलेली, सगळी झाडं घालून. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, मांडीवर मेथीची जुडी. निवडता निवडता पडद्याकडं बघत होत्या. गेट, बाग, जिना, बाल्कनी. कुठं अडलं नाही. तिन्हीसांजेचा दिवा लावायच्या आत फिल्म पूर्ण झाली, शेवटी माझं नाव आलं.

"एवढ्यात झालं?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यातच होणार होतं," मी म्हटलं.