दादा अजून विमानात आहे

एक विनंती आहे. कुठल्याही ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकू नका. उद्या सकाळपर्यंत तरी नको.

बाबा आज सकाळी गेले. माझा भाऊ त्यांनाच भेटायला शिकागोहून निघालाय. त्याचं विमान उडाल्यावर तासाभराने बाबा गेले, त्यामुळे त्याला काहीच माहीत नाही.

शिकागो ते मुंबई साधारण तेरा हजार किलोमीटर. मध्ये दोहाला विमान बदलायचं, मग मुंबईहून टॅक्सीने घरी, कर्वेनगरला. दादा आल्यावरच बाबांना नेणार आहोत, म्हणून घरी येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "त्याला पोचायला किती वेळ?" मी चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखी उत्तरं देतेय. रडू अजून आलेलं नाही.

काकांनी दुपारी घरच्या ग्रुपवर बाबांचा हार घातलेला फोटो टाकला. मी म्हटलं, "अहो काका, दोहाला उतरल्यावर तो फोन चालू करेल. पुढचा प्रवास एकट्याने कसा करेल तो?" काकांनी लगेच फोटो डिलीट केला.

दादाचा शेवटचा मेसेज आहे, 'विमानात बसलो. बाबांना सांग.' सांगितलं होतं मी. बाबा म्हणाले, "मुंबईला घ्यायला कोण जाणार?" त्यानंतर ते काही बोललेच नाहीत.

ही पोस्ट दादाला दिसणार नाही अशी ठेवली आहे. थोड्या वेळाने तो दोहाहून फोन करेल आणि विचारेल, "बाबा कसे आहेत?"

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली होती का? काय सांगितलंत?